सोमा भोयेचं इंजेक्शन

१

चिंचमाळच्या ग्रामीण रुग्णालयात त्या सकाळी फ्रीज उघडला, तेव्हा हृदयविकाराच्या इंजेक्शनाची दोन्ही खोकी जागेवर नव्हती.

पलीकडच्या खोलीत खाटेवर सोमा भोये घामाने निथळत पडला होता. द्राक्षांच्या कामावरून नुकताच घरी परतलेला, पन्नाशीचा माणूस. त्याचा ईसीजी काढून झाला होता, तो मोबाइलवरून नाशिकच्या डॉक्टरांकडे गेला होता आणि उत्तरही आलं होतं : झटका मोठा आहे, वेळ दवडू नका, इंजेक्शन द्या. रक्ताची गुठळी विरघळवणारं ते इंजेक्शन सरकारने अशा आडगावच्या दवाखान्यांसाठीच पुरवलेलं होतं. अ‍ॅम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन नाशिकला निघून गेली होती. मग त्याला नाशिकला न्यायला गावातली जीप आली. बायकोने, चिमणाबाईने, सोमाचं डोकं मांडीवर घेतलं. वणी यायच्या आत ते डोकं जड झालं.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी रुग्णालयाचा औषधनिर्माता राजू महाले याला ताब्यात घेतलं. औषधांच्या किल्ल्या त्याच्याकडे असत आणि तक्रार रुग्णालयाचे प्रमुख डॉ. जयराम बोरस्ते यांनी स्वतः दिली होती.

संजना गांगुर्डे तेव्हा नाशिकला औषध निरीक्षक होती. ते २०२१ च्या एप्रिलचे दिवस. रेमडेसिव्हिरच्या एका कुपीसाठी माणसं मेडिकलच्या दारात उन्हात उभी राहत होती आणि त्या कुप्यांचा काळाबाजार कोण करतो ते शोधण्यात तिचे दिवस जात होते. सुरगाण्याकडून चिंचमाळच्या चोरीची खबर आली, ती साहेबांनी सरळ तिच्याकडे दिली. तिथल्या फौजदारांचा फोन मागोमाग आला. संशयिताला उद्या न्यायालयात उभं करायचं आहे, माल कुणाला विकला एवढं तुम्ही काढा, म्हणजे कलम पक्कं बसेल, असं त्यांचं म्हणणं होतं. पेशंट मेल्यामुळे गावात राजूविरुद्ध संताप होता. एकदा कलम लागलं की त्याची नोकरी आणि उरलेली उमेद दोन्ही गेल्यात जमा होतं.

निघण्याआधी नाशिक रोडच्या घरी तिने वडिलांना हकिगत सांगितली. बुद्धभूषण गांगुर्डे नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले. रोज झडती देऊन घरी येण्यात उभा जन्म गेलेला.

"बाजारात खपेल तेच माणूस उचलतो," ते म्हणाले. "हे इंजेक्शन कोण विकत घेतं?"

संजनाच्या हातात गाडीची किल्ली होती. ती तशीच उभी राहिली. कारण या प्रश्नाचं उत्तर तिला ठाऊक होतं. कुणीच नाही.

२

सोमाचा ईसीजी ज्यांनी पाहिला ते डॉ. संघर्ष पगारे गंगापूर रोडला एका खासगी रुग्णालयात होते. बाहेरच्या हॉलमध्ये खुर्च्यांवर फुल्या मारलेल्या, आणि ज्यांवर नव्हत्या त्याही रिकाम्या.

डॉक्टर थकलेल्या आवाजात सांगत होते. हृदयविकार काही थांबलेला नव्हता, पेशंट यायचे थांबले होते. लोक छातीतली कळ अंगावर काढत, कारण दवाखान्यात गेलं की कोरोना होतो असं त्यांना वाटत होतं. जे येत त्यांना बहुतेक ठिकाणी आधी कोरोनाचा रिपोर्ट मागत. डोंगरावरच्या माणसाला तर तिथल्या तिथे मिळेल त्या इंजेक्शनाचाच काय तो आधार होता.

"सोमा जिवंत पोहोचला असता तरी मी त्याला आत घेऊ शकलो असतो का, सांगता येत नाही," ते म्हणाले. "आमचा अर्धा मजला कोविडला दिलाय."

हे इंजेक्शन काळ्या बाजारात खपेल का, या प्रश्नावर ते हसलेसुद्धा नाहीत. कोरोनाच्या पेशंटला त्याचा उपयोग नाही, चुकीच्या माणसाला दिलं तर रक्तस्राव होऊन तो मरेल. कुणी फुकट दिलं तरी दलाल घेणार नाही.

उठता उठता संजनाने विचारलं, इंजेक्शन नसल्याचं त्यांना कुणी आणि कसं कळवलं. डॉक्टरांनी उत्तर पाठवल्यावर लगेच बोरस्त्यांना फोन लावला होता.

"ते म्हणाले, इंजेक्शन चोरीला गेलंय."

"सापडत नाही, असं नाही म्हणाले?"

"नाही. चोरीला गेलंय, असंच."

फ्रीज उघडून तेव्हा काही मिनिटंच झाली असतील, हे डॉक्टरांच्याही आत्ताच लक्षात येत होतं.

३

सुरगाण्याच्या पोलीस ठाण्यात राजू महाले बाकावर बसवलेला होता. तिशीचा, अंगाने किरकोळ. मास्क नाकावरून घसरला की तो पुन्हा पुन्हा वर ओढत होता, जणू तेवढंच काम त्याच्या हाती उरलं होतं.

त्याने विचारलं तेवढ्याचीच उत्तरं दिली. रेमडेसिव्हिरच्या काही कुप्या रुग्णालयात होत्या, त्या बाहेरच्या कपाटात आणि त्या कपाटाची किल्लीही त्याच्याच जुडग्यात होती. त्यातली एकही कमी झाली नव्हती. पोलिसांनी मोजून पाहिल्या होत्या.

"म्हणजे सोन्याच्या भावाने विकली जाणारी वस्तू हाताशी असताना तुम्ही ती सोडलीत, आणि कुणी घेणार नाही अशी नेलीत," संजना म्हणाली.

"मी काहीच नेलं नाही, मॅडम."

"फ्रीजच्या खोलीची किल्ली दिवसभर कुणाकडे असायची?"

"माझ्याकडेच."

"तुम्ही तर दिवसभर आश्रमशाळेतल्या कोविड सेंटरला गोळ्या वाटायला असता. मग इथे खोली कोण उघडायचं?"

राजूने मास्क वर ओढला. फौजदार दारातून म्हणाले, हा असाच करतो, इथवर आला की दातखीळ बसते. राजू भिंतीकडे पाहतच शांत आवाजात म्हणाला, "किल्ली माझ्याकडेच होती. तसंच लिहा."

उद्या तुरुंगात जायचं नक्की असताना हा माणूस कुणावर तरी पांघरूण घालत होता.

४

डॉ. बोरस्ते तिला रुग्णालयाच्या पायरीवर सामोरे आले. गेल्याच आठवड्यात त्यांचा सख्खा भाऊ कोरोनाने गेला होता आणि ते सुतकातही घरी थांबले नव्हते, हे रस्त्यात कळलं होतं. डोळे लाल. बोलणं मात्र नेटकं.

फ्रीज त्यांनी स्वतः तपासला होता. ती दोन खोकी सोडली तर बाकी सगळं जागच्या जागी होतं. अलीकडे कुणी बाहेरचं येऊन गेलं का, यावर ते म्हणाले, या दिवसांत इथे कोण मरायला येतंय. लसीकरणाचं काम भागीबाई गावित सिस्टर बघत, त्याच सकाळी त्यांनाच अ‍ॅम्ब्युलन्समधून नाशिकला हलवावं लागलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. त्यांना काही विचारता आलं नाही का?

"कसं विचारणार? इथून निघतानाच शुद्ध हरपली होती त्यांची."

त्यांना फोन आला आणि ते वॉर्डाकडे गेले. खोली राखी सिस्टरने उघडून दिली. सोमा आला त्या सकाळी फ्रीजमध्ये हात घालणारी तीच. कोरोनाची लस संपल्यापासून ही खोली बंदच होती, ती म्हणाली. औषधांचा साधा फ्रीज कोविड सेंटरला नेल्यापासून थंड ठेवायची सगळी औषधं इथे लसीच्याच फ्रीजमध्ये ठेवत होते.

खोलीच्या एका कोपऱ्यात एक खुर्ची, खुर्चीवर घडी न केलेला पांढरा अ‍ॅप्रन, खाली पाण्याची बाटली. मागच्या फळीवर लस न्यायच्या निळ्या पेट्या झाकणं काढून वाळत लावलेल्या, शेवटची तेवढी झाकलेली. जमिनीवर ब्लीचिंग पावडरची पांढरी रेघ होती. राखी बोलता बोलता त्या रेघेच्या अलीकडेच थांबली.

"ती भागीबाई सिस्टरांची बाजू," ती म्हणाली. "त्यांचा रिपोर्ट आला तेव्हापासून तिकडे कुणी जात नाही. पोलीसपण गेले नाहीत."

लसीचा फ्रीज आडवा, झाकण वर उघडणारा. झाकणावर हळदी-कुंकवाची पुसट बोटं होती आणि मुठीत वाळक्या झेंडूचं एक फूल दोऱ्यासकट अडकलेलं होतं. आत जाळीच्या टोपल्यांत बाळांच्या लसी तेवढ्या होत्या.

संजनाने टोपल्या एकेक करून वर उचलल्या. मग विचारलं, "इन्सुलिन कुठे ठेवता?"

"इथेच. डावीकडच्या टोपलीत."

"आणि बाळंतपणाचं इंजेक्शन? साप चावल्यावरचं?"

राखीने वाकून पाहिलं. डावीकडच्या टोपलीत काही नव्हतं. तिने उजवीकडे पाहिलं, तळाशी पाहिलं. बाळंतिणींना महिनाभर दुसरीकडे पाठवत होते, साखरेचे पेशंट भीतीने फिरकत नव्हते. त्यामुळे त्या टोपलीकडे कुणाचा हात गेलाच नव्हता. त्या सकाळी ती स्वतः फक्त ती दोन खोकी शोधत होती.

"हेही चोरीला गेलं?" तिने विचारलं.

संजनाने झाकण लावलं. चोर हवी ती वस्तू नेतो. इथून लस सोडून बाकी सगळंच गेलं होतं.

"चोरी नाही ही, सिस्टर. कुणीतरी फ्रीज आवरलाय."

५

राकेश हा अ‍ॅम्ब्युलन्सचा चालक. रोज नाशिकला ये-जा असल्यामुळे पोलिसांना त्याचाही संशय होता. कुणाला तरी पुड्या पोहोचवतो अशी कुणकुण होती. संजनाने गाडीच्या सावलीत त्याला गाठलं आणि पुड्यांचं विचारलं, तसा तो आधी देवाच्या शपथा घेऊ लागला. मग त्याने सीटखालून तंबाखूच्या पुड्यांचा गठ्ठा काढून दाखवला. टाळेबंदीत पंचक्रोशीचं दुःख हलकं करायचं काम तो करत होता.

"लिहू नका मॅडम," तो म्हणाला. "डागदरसायबबी माझ्याकडनंच घेत्यात."

तंबाखूशी आपलं देणंघेणं नाही, असं सांगून तिने झेंडूच्या फुलाचं विचारलं. राकेशने इकडेतिकडे पाहिलं. लसीकरणाचा उत्सव करायचा म्हणून नाशिकहून पाहुणे आले होते. फ्रीजला हार घातला, नारळ फोडला, झाकण उघडून सगळ्यांनी फोटो काढले. गर्दीला बंदी असल्याने डॉक्टरांनी नंतर सगळ्यांना, राखी सिस्टरलाही, तोंड बंद ठेवायला बजावलं होतं. सोमा आला त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. भागीबाई सिस्टर सकाळपासून त्या कार्यक्रमाच्या मागे होत्या. पाहुणे जाता जाता त्यांना हुडहुडी भरली. संध्याकाळी रिपोर्ट आला आणि पहाटे दम लागला.

"नाशिकला नेताना बेशुद्ध होत्या ना?" संजनाने विचारलं.

"कोन बोललं? रस्ताभर बोलत व्हती सिस्टर. वणीला मी चहा पाजला. लेकीला फोन केला, म्हनली जेवून घे. माझ्या गाडी चालवन्यावरनं मला लय शिव्या घातल्या." तो हसला आणि मध्येच थांबला. "दवाखान्यात सोडली तवाबी शुद्धीत व्हती. फोन उशाला ठेवून आलो मी."

संजनाने फौजदारांना फोन करून राजूला घेऊन चिंचमाळला यायला सांगितलं.

६

दुपारी लसीच्या खोलीत चौघे उभे होते : डॉ. बोरस्ते, राखी, राजू आणि दारात फौजदार. संजनाने आवाज न चढवता सांगायला सुरुवात केली.

राजूने पैशासाठी चोरी केली असती तर रेमडेसिव्हिर नेलं असतं. ते जागेवर आहे. हृदयाच्या इंजेक्शनाबरोबर इन्सुलिन गेलं, बाळंतपणाचं औषध गेलं, साप चावल्यावरचं गेलं. या सगळ्यांत सारखं असं एकच आहे. ती लस नव्हे. आणि लसीच्या फ्रीजमध्ये लसीशिवाय काही ठेवायचं नाही हा नियम आहे. एरवी तो मोडलेला चालतो. पाहुणे झाकण उघडून फोटो काढणार असतील तेव्हा चालत नाही.

"पाहुणे?" फौजदार म्हणाले.

संजनाने फ्रीजच्या मुठीतलं झेंडूचं फूल काढून झाकणावर ठेवलं. बोरस्ते त्याकडे पाहत राहिले.

"डॉक्टर, तुम्ही म्हणालात, दोन खोकी सोडून बाकी सगळं जागच्या जागी होतं. फ्रीज तपासलेला माणूस असं म्हणू शकत नाही. एक टोपली अख्खी रिकामी आहे. ती रिकामी का आहे हे ज्याला माहीत आहे, तोच ती लपवेल. चोरी दोन खोक्यांची वाटते. टोपलीभर औषधांची वाटत नाही."

"औषधं काढायला तुम्ही सांगितलंत," ती पुढे म्हणाली. "काढली भागीबाई सिस्टरांनी. आणि ती औषधं थंड राहायला हवीत हे त्यांना कळत होतं. दुसरा फ्रीज इथे नाही. मग लसीचं काम करणारी बाई थंड औषधं कशात ठेवेल?"

ती ब्लीचिंगच्या रेघेवरून पलीकडे गेली. राखीच्या तोंडून नकळत "मॅडम" असं निघालं. वापरून झालेल्या पेट्या झाकणं काढून वाळत ठेवायच्या, ही तिथली पद्धत होती आणि भागीबाईंनी ती कधी मोडली नव्हती. संजनाने शेवटची पेटी फळीवरून खाली घेतली. ती जड होती. झाकण फिरवून उघडलं तर चारही बाजूंना वितळलेल्या बर्फाचे पॅक नीट रचलेले, आणि मधोमध प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेली सगळी औषधं. सगळ्यांत वर हृदयविकाराच्या इंजेक्शनाची दोन खोकी होती. कोरडी.

"सोमा आला तेव्हा यातला बर्फ शाबूत असणार," संजना म्हणाली. "औषध चांगलं होतं."

राखीने तोंडाला पदर लावला आणि ती भिंतीला टेकली. त्या सकाळी ती याच खोलीत, या पेटीकडे पाठ करून उभी होती.

"मला पेटी माहीत नव्हती," बोरस्ते अखेर म्हणाले. "फोटो होईपर्यंत काढून ठेवा, एवढंच मी सांगितलं होतं. संध्याकाळी भागीबाई परत ठेवणार होती, तर आजारीच पडली. सकाळी मी कपाटं शोधली, टेबलं शोधली. या बाजूला..." ते थांबले. "या बाजूला माझा पाय गेला नाही. भावाला जाऊन आठवडा झाला होता."

"भागीबाई शुद्धीत होत्या. फोन त्यांच्याजवळ होता."

"माहीत आहे."

"मग?"

"फोन हातात घेतला होता मी," ते म्हणाले. "नंबरही काढला. तिला विचारायचं म्हणजे पाहुणे, फोटो, सगळं सगळ्यांसमोर आलं असतं. वाटलं, जीप नाशिकला पोहोचेल. तिकडे मोठे डॉक्टर आहेत." त्यांनी मान खाली घातली. "पगारेंचा फोन आला आणि तोंडातून चोरी निघून गेलं. एकदा निघाल्यावर चोर लागतोच."

फौजदारांनी राजूच्या दंडावरचा हात काढला.

७

राजूला नाशिकला न्यायालयात न्यायची गरज उरली नाही. बोरस्त्यांवर काय लावायचं ते वर ठरणार होतं. संजनाने आपला जबाब लिहून दिला आणि गाडी काढली, तेव्हा राजू गाडीपाशी येऊन उभा होता. घरी न जाता त्याला आधी भोयेंच्या पाड्यावर जायचं होतं. एकट्याने जायची हिंमत होत नव्हती. परवा तिथल्याच लोकांनी त्याच्या घरावर दगड मारले होते.

वाटेत तो बोलला. सेंटरला जाताना रोज तो किल्ली भागीबाईंच्या हातात देत असे. नोकरीला लागला तेव्हा इंजेक्शन कसं भरायचं, पेशंटशी कसं बोलायचं, सगळं त्यांनीच शिकवलेलं. इंजेक्शन नाहीसं झालं आणि त्याच वेळी त्या गेल्या, तेव्हा त्याच्या मनात नको तेच आलं. कुणा नातेवाइकाच्या आकांताला भुलून रेमडेसिव्हिर समजून दुसऱ्याच खोक्याला त्यांनी हात घातला असेल, असं.

"मेलेल्या बाईला चोर कसं म्हणू, मॅडम?" तो म्हणाला. "पण मनात म्हटलंच की मी."

पाड्यावर लोक दारादारांतून पाहू लागले. कुणी जवळ आलं नाही. चिमणाबाई ओसरीवर नागलीचे दाणे पाखडत बसली होती. संजनाने खाली बसून तिला सगळं सांगितलं, कुठे काही न वगळता. चोरी झालीच नव्हती. औषध रुग्णालयातच होतं, सोमाच्या खाटेच्या पलीकडच्या खोलीत. ठेवणारीने नीट ठेवलं होतं. कुठे ठेवलं हे तिला विचारायला हवं होतं, ते विचारलं गेलं नाही.

चिमणाबाईच्या हातातलं सूप थांबलं होतं.

"खोलीत व्हतं?" तिने विचारलं.

"हो."

"आनि चांगलं व्हतं?"

"चांगलं होतं."

तिने सूप बाजूला ठेवलं. हातांना लागलेला कोंडा लुगड्याला पुसला, तो निघाल्यावरही हात पुसत राहिली.

"चोरलं असतं तं बरं व्हतं," ती म्हणाली. "कोनाच्या तरी कामाला आलं असतं."

राजू अंगणातच उभा होता, ओसरीपासून लांब, चपला न काढता. आजूबाजूची माणसं तो काय करतो आणि ती काय करते ते पाहत होती. चिमणाबाई उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तिने तो ओसरीच्या कडेवर, राजूच्या बाजूला ठेवला आणि त्याला म्हणाली, "उन्हात नको उभा राहू. वर ये."